पर्समधली गोळी

सुहासिनीताई पहिल्यांदा नेमबाजीच्या क्लबात आल्या, तेव्हा त्यांच्याकडून पिस्तुलाची वरची सरकती स्लाइडच मागे ओढली जात नव्हती. वय सत्तावन्न, बोटांचे सांधे सुजलेले, अंगात सुती पंजाबी ड्रेस आणि कानांवर आवाज अडवणारे मोठाले कप. तीनदा जोर लावून झाल्यावर त्यांनी पिस्तूल हळूच टेबलावर ठेवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या कोचला म्हणाल्या, "मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही गं. हे कुठून उघडणार?"

कोच म्हणजे फिरदोस मुकादम. मूळची हर्णैची. दापोलीच्या कॉलेजात असताना एनसीसीतून नेमबाजी शिकली, राज्य पातळीपर्यंत खेळली, मग लग्न होऊन शारजात आली. नवरा हम्माद याचं औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. गावाबाहेरच्या या क्लबात सकाळच्या वेळी फक्त बायकांना शिकवायचं काम ती अकरा वर्षं करत होती. एवढ्या वर्षांत तिला मराठी बोलणारी शिष्या मिळाली ती हीच.

ताईंना शिकायचं होतं अशातला भाग नव्हता. त्यांचे यजमान सदानंद अबुधाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत सव्वीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. मुलगा निनाद टेक्ससमध्ये मित्राबरोबर भागीदारीत एक मोटेल चालवत होता, हायवेच्या कडेला, गावापासून लांब. आईबाबा तिकडे राहायला येणार, काउंटरवर बसायला आपली माणसं मिळणार म्हणून तो खूश होता. पण त्या रस्त्यावरच्या दोन मोटेलांत वर्षभरात लूटमार झाली होती, आणि एका काउंटरवरचा माणूस जिवानिशी गेला होता. निनादने फोनवरच ठरवून टाकलं की दोघांपैकी एकाने तरी लायसन घेऊन पिस्तूल जवळ बाळगायचं. सदानंदांचे हात कापायचे. राहिल्या ताई. निघायला पाच महिने होते, तेवढ्यात निदान हाताला सवय व्हावी म्हणून अबुधाबीहून दर शनिवारी त्या दीड तास गाडीत बसून यायच्या. "अमेरिकेत जाऊन गोऱ्या मास्तरासमोर फजिती नको," असं त्यांचं म्हणणं.

फिरदोसने त्यांना युक्ती दाखवली. पिस्तूल छातीजवळ आणायचं, डाव्या हाताने स्लाइड नुसती घट्ट धरून ठेवायची आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. बोटांचा जोर नको, खांद्याचा. तिसऱ्या शनिवारी खटकन आवाज झाला आणि ताई एवढ्या दचकल्या की दोघींना हसू आवरेना.

मग त्या शिकत गेल्या. निशाण फार बरं नव्हतं, पण सात पावलांवरच्या कागदी माणसाच्या छातीत दहातल्या आठ गोळ्या बसू लागल्या. फिरदोसने त्यांना आधी काळजी शिकवली आणि मग नेम. हातात घेतलं की रिकामं आहे का बघायचं, पुन्हा बघायचं, बोट घालून चाचपायचं. घरी सराव करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत. पिस्तूल रिकामं करताना आधी गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, आत राहिलेली गोळी उडून बाहेर पडते ती उचलायची, आणि सगळ्या मोजायच्या. अकरा भरल्या तर अकरा हातात आल्या पाहिजेत. ताई शाळकरी मुलीने पाढे म्हणावेत तशा ते म्हणून दाखवायच्या.

एक गोष्ट मात्र क्लबात शिकवता येत नव्हती. तिथली पिस्तुलं टेबलाला साखळीने बांधलेली. कमरेचं किंवा पर्समधलं पिस्तूल झटकन बाहेर काढायचा सराव करायला परवानगी नव्हती, आणि फिरदोसने स्वतः आयुष्यात कधी पिस्तूल घेऊन रेंजचा दरवाजा ओलांडला नव्हता. तिने ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. तरी ताईंच्या आग्रहाखातर क्लबाच्या कॅफेत बसून, चष्म्याची केस पर्समध्ये ठेवून, हालचाल कशी असावी याचा तिने अंदाज करून दिला आणि मोबाइलवर सेकंदही मोजले. पिस्तूल अंगावरच असावं, पर्समध्ये नको, असं ती सांगत होती. पण ताई पट्टा बांधणार कशावर? शेवटी वेगळा कप्पा असलेली, खांद्यावरून आडवी घ्यायची एक जाड पर्स फिरदोसनेच ऑनलाइन शोधून दिली. साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर, असं ताई दोनदा म्हणाल्या आणि तरी घेतली. त्या कप्प्यात दुसरं काही ठेवायचं नाही, पर्स कधी बदलायची नाही आणि प्रवासाआधी ती उलटी करून तपासायची, असं फिरदोसने बजावलं.

जाताना क्लबाचं सर्टिफिकेट मिळालं. खाली फिरदोसची सही.

पहिले काही महिने ताई तिकडून व्हिडिओ पाठवायच्या. लायसन झालं, पिस्तूल आलं, रोज पाच मिनिटं रिकाम्या पिस्तुलाचा सराव चालू. फिरदोस चहा पीत ते बघायची आणि कोपर वर आलंय, बोट आधीच ट्रिगरवर गेलंय, असं लिहायची. मग आठवड्यातून दोन व्हिडिओ झाले, मग एक. मग दिवाळीच्या शुभेच्छा आल्या आणि ईदच्या. हे असंच होतं, फिरदोसला माहीत होतं. हाताला आलेली गोष्ट हाताला रोज आठवण करून दिली नाही तर निघून जाते, आणि जाताना सांगून जात नाही. तिने एकदा तसं लिहिलंही. ताईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

दीड वर्षाने ताई आल्या, रुवैसच्या जुन्या शेजारीण अर्चना यांच्या मुलीच्या लग्नाला. पंधरा दिवस राहिल्या, एका शनिवारी क्लबात येऊन फिरदोसला भेटून गेल्या. खांद्यावर तीच पर्स होती. परतीच्या दिवशी विमानतळावर ती यंत्रातून गेली आणि पलीकडच्या माणसाने पट्टा थांबवला. पर्सच्या अस्तरात, शिवण उसवली होती तिथे, एक जिवंत काडतूस सापडलं. येताना दोन विमानतळांवर ते कुणाला दिसलं नव्हतं.

काय झालं असावं ते ताईंना कोठडीत बसल्यावर आठवलं. निघायच्या दिवशी पलंगावर पर्स उघडी होती. त्यांनी पिस्तूल काढलं, मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, आतली गोळी उडून बाहेर पडली. तेवढ्यात काउंटरवरून सदानंदांनी हाक मारली की टॅक्सी आली. पिस्तूल आणि मॅगझिन तिजोरीत गेलं. मोजणं राहिलं.

तिसऱ्या दिवशी फिरदोसला पोलीस ठाण्यात बोलावलं, कारण त्याच पर्समध्ये लायसनच्या कार्डाशेजारी घडी घातलेलं सर्टिफिकेट होतं. जाताना तिला उलट बरं वाटत होतं. आपण जाऊन सांगू, बाई साधी आहे, मी हिला ओळखते, खलास, सुटून येईल.

तपास करणारा अधिकारी तरुण आणि सौम्य होता. त्याने पाणी मागवलं, खुर्ची दिली. दुभाषी हिंदीत विचारत होता.

"यांना तुम्ही शिकवलं?"

"हो."

"पिस्तूल रिकामं करायला शिकवलं होतं?"

"हो."

"गोळ्या मोजायला?"

"हो."

"पर्स तपासायला?"

"हो. पण सर, त्या घाईत होत्या. माणूस विसरतो."

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि तो अरबीत काहीतरी म्हणाला. दुभाष्याने सांगितलं, साहेब म्हणतात, न शिकलेला माणूस विसरला तर समजू शकतं. शिकलेल्याने विसरायचं नसतं, म्हणून तर शिकवतात.

हेच वाक्य फिरदोस स्वतः तेरा वर्षं बायकांना ऐकवत आली होती. मग तिने बाईंचं वय सांगितलं, सव्वीस वर्षं या देशात राहून साधा ट्रॅफिकचा दंड नाही हे सांगितलं, त्यांनी पिस्तूल का घेतलं ते सांगितलं. अधिकारी लिहीत होता. शेवटी कागद तिच्यापुढे आला. हर्णैच्या मदरशात शिकल्यामुळे तिला अरबी अक्षरं लावता येत होती, एकेक शब्द ती मनात वाचत गेली, पण अर्थ कळत नव्हता. दुभाष्याने सांगितलेला मथितार्थ एवढाच होता की आरोपीचं हत्यारांचं पूर्ण प्रशिक्षण झालेलं आहे असं साक्षीदाराने मान्य केलं. बाकीचं लिहिलंय का, असं तिने विचारलं. लिहिलंय, तो म्हणाला. तिने सही केली.

बाहेर येऊन ती गाडीत बसली. जे जे खरं ते सांगितलं होतं, आणि त्यातलं एकेक वाक्य ताईंच्या विरुद्ध जाऊन बसलं होतं.

पासपोर्ट ठेवून घेऊन ताईंना सोडलं. केसचा निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नव्हता. अर्चनांच्या घरी लग्नाचे पाहुणे अजून होते, आणि त्यांच्या यजमानांच्या नोकरीत अशा भानगडी चालत नाहीत हे त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. मग फिरदोसने हम्मादला विचारलं. तो म्हणाला की मुलगा शिकायला गेलाय, खोली रिकामीच आहे, आणि आपल्या दारातून कुणाला परत कसं पाठवायचं. ताई दोन बॅगा घेऊन शारजाला आल्या. पर्स पोलिसांकडे होती.

इकडे क्लबाच्या मॅनेजरने फिरदोसला बोलावून अगदी हळू आवाजात सांगितलं की काही दिवस तिने शिकवू नये, रिसेप्शनला बसावं. तिने का म्हणून विचारलं नाही. काचेपलीकडून येणारे दबलेले बार ऐकत ती दिवसभर बसून राहायची, आणि आत एखादीचा मनगटाचा कोन चुकतोय हे तिला आवाजावरून कळायचं.

घरी ताई भाजी निवडत, कपड्यांच्या घड्या घालत, हम्मादला न विचारता त्याच्या शर्टांची तुटलेली बटणं लावून देत. आठवड्यातून एकदा दोघी वकिलाकडे जात. वकील केरळचा होता, प्रत्येक वाक्याच्या शेवटी इन्शाल्ला म्हणायचा. फाइल पुढे गेली आहे. फाइल खाली आली आहे. एका सहीसाठी थांबलो आहोत, ताई, दोन दिवस, इन्शाल्ला. एक तारीख सुट्टीत गेली, एक अधिकारी रजेवर गेला. निनाद तिकडून फोन करायचा, इकडच्या भारतीय दूतावासाला त्याने किती ईमेल पाठवल्या ते सांगायचा, आणि बोलता बोलता इंग्रजीत चिडायचा. सदानंद मात्र शांत असायचे. "तू इथली काळजी करू नकोस. मी बसतोय की काउंटरवर. अकरा ते सात मुलगी असते कामाला, बाकी आम्ही दोघं वाटून घेतो."

ताई फोन ठेवून म्हणायच्या, "हात कापतात गं त्यांचे. किल्ली देतानासुद्धा पडते."

पाचव्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, फिरदोस ओट्याशी तांदळाची भाकरी थापत होती तेव्हा ताईंचा फोन वाजला. तिकडे आदली रात्र होती. पलीकडे निनाद होता आणि तो मराठीतच बोलत होता, यावरूनच फिरदोसला कळलं की काहीतरी झालंय. खोली हवी म्हणून एक माणूस आला होता. त्याने पिस्तूल काढलं, सदानंदांनी गल्ला उघडून सगळं पुढे ढकललं, आणि घेतानासुद्धा त्याने पिस्तुलाच्या मुठीने त्यांच्या चेहऱ्यावर मारलं. का मारलं ते कुणालाच कळलं नाही. जीव वाचला होता. डाव्या डोळ्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते.

ताई रडल्या नाहीत. विमान कधी आहे, असं त्यांनी विचारलं, आणि मग पासपोर्ट पोलिसांकडे आहे हे त्यांच्या लक्षात आलं. वकिलाला फोन लावला. त्याला खरंच वाईट वाटलं. आजच अर्ज देतो म्हणाला, वैद्यकीय कारण म्हणून, इन्शाल्ला. अर्ज गेला. त्यावर तिकडच्या हॉस्पिटलचे कागद मागितले, ते आले तर त्यांचं अरबी भाषांतर मागितलं, भाषांतर झालं तर त्यावर शिक्का मागितला. ते करता करता ऑपरेशन होऊन गेलं. डाव्या डोळ्याने आता दिसणार नव्हतं.

ज्या दिवशी ते कळलं त्या दुपारी फिरदोस कामावरून लवकर आली. ताई हॉलच्या मधोमध, गालिच्यावर उभ्या होत्या. खांद्यावर फिरदोसची जुनी पर्स आडवी घेतलेली. हात पर्सशी नेत होत्या, आत घालत होत्या, रिकामी मूठ बाहेर काढून समोरच्या भिंतीवर रोखत होत्या. पुन्हा हात खाली. पुन्हा तेच. कपाळावर घाम होता. फिरदोस दारातच थांबली.

"मोज," ताई मागे न बघता म्हणाल्या. "तू मोजायचीस ना कॅफेत. मोज."

"ताई, बसा जरा."

"मोज गं."

फिरदोसने मोबाइलवरचं घड्याळ लावलं. ताईंनी हात नेला. चेन अडकली, अंगठा अडखळला, कोपर वर आलं, दुसरा हात मुठीखाली यायला उशीर झाला. पाच सेकंदांच्या वर वेळ गेला. पुन्हा केलं, तर साडेपाच. दीड वर्षापूर्वी कॅफेत त्यांनी हेच अडीचमध्ये केलं होतं. फिरदोसला दिसत होतं की आता या हातांत काही उरलेलं नाही. ताई त्या काउंटरवर असत्या तरी समोरच्याने आधीच पिस्तूल काढलेलं होतं, आणि पर्सकडे गेलेला हात बघून तो नुसता मुठीने मारून थांबला नसता. हे तिला स्वच्छ कळत होतं.

"किती?" ताईंनी विचारलं.

त्यांच्या तोंडाकडे बघून फिरदोसच्या जिभेवर खरा आकडा येईना. सहा आठवडे या बाईने एकदाही तक्रार केली नव्हती. नवऱ्याचा डोळा गेला त्या दिवशी तुमचे हातही गेले असं कसं सांगायचं?

"तीन," ती म्हणाली. "तीनला थोडं कमीच."

ताई हळूहळू सोफ्यावर बसल्या. पर्स मांडीवर घेतली. फिरदोसला वाटलं, जरा बरं वाटलं असेल.

"म्हणजे जमलं असतं मला," ताई म्हणाल्या. "मी तिथे असते तर डोळा वाचला असता. एक गोळी मोजली नाही मी, फिरदोस. एक."

आणि मग त्या रडल्या.

फिरदोस त्यांच्या शेजारी बसली. आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिने तोंड उघडलंही. ताई, तसं नाही, मी खोटं बोलले, असं म्हणायचं होतं. पण आता ते म्हटलं असतं तर ताईंना वाटलं असतं की ही आपली समजूत घालायला खोटं बोलतेय. खरं खोटं वाटावं अशी वेळ तिनेच आणून ठेवली होती. तरी ती म्हणाली, "समोरच्याच्या हातात आधीच पिस्तूल असलं की कुणालाच जमत नाही, ताई. मलाही जमलं नसतं."

"तू कधी बाळगलंयस का?" ताईंनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.

फिरदोसने त्यांच्या मांडीवरची पर्स उचलून बाजूला ठेवली.

सातव्या आठवड्यात निकाल लागला. काडतूस जप्त, दंड, आणि देश सोडून जायचं, परत यायचं नाही. वकील म्हणाला की फार हलक्यात सुटलात, आणि ते खरंही होतं. जिथे सव्वीस वर्षं संसार केला, जिथे निनाद जन्मला, तिथून ताई एका शिपायाबरोबर विमानापर्यंत चालत गेल्या. हम्माद आणि फिरदोसला बाहेरच थांबवलं. हम्मादने दिलेला खजुराचा डबा आत न्यायचा की नाही याचीही ताईंना भीती वाटली. त्यांनी तो परत फिरदोसच्या हातात दिला.

फिरदोसला क्लबात पुन्हा शिकवायला मिळालं, तीन महिन्यांनी. नव्या बायका येतात. पिस्तूल रिकामं कसं करायचं ते ती दाखवते, आणि मोजा असं सांगताना आवाज जरा बारीक होतो, एवढंच.

ताईंचे व्हिडिओ पुन्हा रोज येऊ लागले आहेत. मोटेलच्या काउंटरमागे, पाठीमागे किल्ल्यांचा फळा, खांद्यावर नवी पर्स. सदानंदांना त्या काउंटरवर बसू देत नाहीत. ते मागच्या खोलीत रेडिओ ऐकतात, डाव्या बाजूला चहाचा कप कुठे ठेवलाय ते हाताने चाचपून बघतात. निनाद म्हणतो, आई, आता पुरे, आपण हे विकून टाकू. ताई ऐकत नाहीत. सांधे सुजतात म्हणून त्या गरम पाण्यात हात बुडवून मग सराव करतात. तीन होते ना तेव्हा, असं परवा त्यांनी लिहिलं, आता अडीचवर आणते बघ.

फिरदोसने व्हिडिओ पाहिला, घड्याळ लावून. साडेचार सेकंद. कोपर अजून वर येतं. तिने लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. हम्माद पलीकडून म्हणाला की एकदाचं खरं सांगून टाक. तिने विचारलं, आणि मग? त्या काउंटर सोडणार आहेत का? तर नाही. नुसत्या घाबरून बसतील, एवढाच काय तो फरक पडेल.

तो उठून चहा ठेवायला गेला.

शेवटी तिने लिहिलं, "कोपर खाली ठेवा, ताई." ते वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते, ताईंची काउंटरवर बसायची वेळ.